दोरी धरणारा

मास्तर काही शाळेतले मास्तर नव्हते. कारखान्यात टाक्या साफ करायला येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी समोर बसवून चार गोष्टी सांगायचे, म्हणून ते मास्तर. पहिली गोष्ट नेहमी हीच असायची. "टोल्यूइनचा वास येतोय तोवर फार घाबरू नका. वास यायचा थांबला की पळा. ते गेलेलं नसतं, तुमचं नाक गेलेलं असतं."

ज्यांनी टोल्यूइन कधी पाहिलं नाही त्यांना सांगतो. दिसायला पाणीच. वास थिनरचा, गोडसर, पहिल्यांदा घेतला तर बराही वाटणारा. सांडलं तर फडकं आणेपर्यंत उडून जातं, मागे डागसुद्धा ठेवत नाही. पण उडून जातं म्हणजे जातं कुठे? त्याची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि खड्ड्यात, गटारात, टाकीच्या तळाशी बसून राहते. एवढीशी ठिणगी मिळाली की भडकते. ठिणगी नाही मिळाली तर माणसाच्या छातीत शिरते. आधी डोकं हलकं होतं, चढल्यासारखं वाटतं, मग पाय जातात, आणि मग माणूस जातो.

त्या दिवशी चार नंबरची टाकी साफ करायची होती. आत जाणार होता मास्तरांचा जावई आणि बाहेर दोरी धरणार होते मास्तर. कारखान्यात या जोडीवर नेहमीच चेष्टा चालायची. सासऱ्याच्या हाती जावयाची दोरी म्हणजे उलटी गंगा, असं जो तो म्हणायचा. मास्तरांची मुलगी सातव्या महिन्यात होती. सकाळी डबे हातात देताना तिनं बापाला बजावलं होतं, "बाबा, तुमचा जावई सगळा नेताय तसा सगळा आणा. तुमच्या अंगठ्यासारखं काही तिथं ठेवून येऊ नका."

मास्तरांच्या डाव्या पायाला अंगठा नव्हता. फार पूर्वी चपला घालून काम करायच्या दिवसांत त्यावर भरलेलं पिंप पडलं होतं. तेव्हापासून ते जाड बूट घालत आणि म्हणत, "आम्हाला आता कुणी अंगठेबहाद्दर म्हणायची सोय नाही, एक कमी आहे." हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला होता की आता फक्त तेच हसायचे.

दुपारचे बारा वाजून गेले होते. ऊन असं की सिमेंटवर हात ठरत नव्हता. टाक्या एका रांगेत आडव्या झोपलेल्या होत्या, प्रत्येक टाकी दोन बस एकामागं एक लावाव्यात एवढी लांब. चार नंबर तीन दिवसांपूर्वी रिकामी केली होती. पाण्यानं धुतली होती, पलीकडच्या तोंडाला पंखा लावून हवा खेळवली होती. मास्तरांनी वायू मोजायचं मीटर लांब नळीनं आत सोडून वर, मध्ये आणि तळाशी तिन्ही ठिकाणी मोजलं. आकडा शून्य आला. तरी त्यांनी पुन्हा मोजलं. शेजारची पाच नंबर कालच रिकामी झाली होती. तिचं झाकण सकाळी उघडलं होतं, पण तिथं मीटर अजून केकाटत होतं, म्हणून तोंडावर लाल फीत बांधली होती.

"जावईबापू, खिसे," मास्तर म्हणाले.

"मामा, खिसेच नाहीत या कपड्यांना."

"मग आतला बनियन? नायलॉनचा नाही ना? अंगाला घासून ठिणगी पडते, माहितीये ना?"

"सुती आहे. तुमच्या लेकीनं स्वतः धुतलाय."

मोबाइल, काडेपेटी फाटकावर ठेवून आले होते. टाकीला जमिनीशी जोडणारी तांब्याची तार मास्तरांनी हातानं हलवून बघितली. आतला गाळ खरवडायला लाकडी फावडं घेतलं, कारण लोखंड लोखंडावर घासलं की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. गाळ हलला की त्यात दडलेली वाफ सुटते, त्यामुळे मीटर शून्य दाखवो नाहीतर काहीही, मास्क लावायचाच. मास्क तोंडभर, आणि त्याला लांब नळीनं भिंतीपलीकडच्या यंत्राची स्वच्छ हवा.

मास्क लावलेला माणूस बोलला की डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं ऐकू येतं. म्हणून दोरी. एक झटका म्हणजे सगळं ठीक, दोन म्हणजे दोरी सैल सोडा, तीन म्हणजे बाहेर. आतून असो की बाहेरून, अर्थ तोच. मास्तरांनी जावयाच्या पट्ट्याला दोरी अडकवली आणि अडकवलेला हूक दोनदा ओढून पाहिला.

"आणि मी आत पडलो तर?" जावयानं मास्क चढवता चढवता विचारलं. उत्तर त्याला पाठ होतं, मास्तरांना छेडायला विचारत होता.

"तर मी बाहेरून ओढीन. ओढता नाही आलं तर शिट्टी वाजवीन. पण मी आत येणार नाही. टाकीत एक पडतो, आणि त्याला काढायला उडी मारणारा दुसरा मरतो. दोरी धरणाऱ्यानं आत जायचं नाही."

ही मास्तरांची चौथी गोष्ट. पाचवी ते कुणाला सांगत नव्हते.

नऊ वर्षांपूर्वी याच टाकीत मास्तर आत होते आणि दोरी पैलवानाकडे होती. पैलवान म्हणजे मास्तरांचा जिवाभावाचा मित्र, सहा फुटी, तीन माणसांचं ओझं एकट्यानं उचलायचा. मास्तर टाकीच्या टोकाला निवांत गाळ काढत होते. अचानक मागं धप्प आवाज झाला. वळून बघतात तर पैलवान, मास्क न लावता, गाळात गुडघ्यांवर. मास्तरांनी त्याला फरफटत तोंडापर्यंत आणला. तिथं जीव जाण्याआधी तो एवढंच बोलला, "तू हाक मारलीस ना… म्हणून आलो." मास्तरांनी हाक मारली नव्हती. तोंडावर मास्क असताना मारणार कशी? त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं. साहेब म्हणाले वाफेनं भास झाला असेल, बाकीचे म्हणाले मास्तरांना धक्का बसलाय. मग मास्तरांनी तो विषय कायमचा बंद केला.

जावई आत शिरला. टाकीच्या मध्यावर पत्र्याची आडवी भिंत होती, माणूस जाईल एवढं भोक असलेली. त्याच्या दिव्याचा उजेड त्या भोकातून पलीकडे गेला आणि तिथंच हलत राहिला. मास्तर तोंडापाशी स्टुलावर बसले. दोरी दोन्ही हातांत. आतून फावड्याचा खर्र खर्र आवाज येत होता.

थोड्या वेळानं त्यांनी दोरीला एक झटका दिला. आतून एक झटका आला. सगळं ठीक.

मग फावड्याचा आवाज थांबला.

"मामा…"

मास्तर उठून उभे राहिले. आवाज जावयाचाच होता. भिंतीपलीकडून, पण अगदी स्वच्छ. घरी आतल्या खोलीतून हाक मारतो तसा.

"मामा… मास्क निघाला… श्वास घेता येईना…"

मास्तरांनी दोरीला झटका दिला. लगेच आतून एक झटका आला. सगळं ठीक.

दोरी म्हणत होती ठीक आहे. आवाज म्हणत होता मरतोय. आवाज इतका स्वच्छ होता म्हणजे तोंडावर मास्क नव्हता. आणि मास्क नसेल तर पोराकडे किती वेळ होता? मिनिटभर? की तेवढाही नव्हता? त्यांनी मनगटानं तोंडावरचा घाम पुसला.

"दोरी मी नाही ओढली, मामा…" आतला आवाज म्हणाला. अगदी हळू. "लवकर या… तुमच्या लेकीला काय सांगाल…"

मास्तरांचा उजवा गुडघा टाकीच्या तोंडावर चढला. तो कधी चढला ते त्यांना कळलंही नाही. खांदे आत गेले. आत अंधार आणि ओला गोडसर वास. त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त मुलगी होती, दारात पोटावर हात ठेवून उभी. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की याच कडेवर, असाच गुडघा टेकून, नऊ वर्षांपूर्वी पैलवान आत गेला होता. त्यालाही असंच वाटलं असणार. त्यालाही असंच कुणीतरी नावानं बोलावलं असणार.

त्यांनी गुडघा मागं घेतला. दोरीला तीन झटके दिले आणि सगळं अंग मागं टाकून ओढायला सुरुवात केली. दोरी ताठ झाली. एक हात, दोन हात, तीन हात. आतून हाक आली, "मामा, नको…" पण ते ओढत राहिले. डोळे मिटून ओढत राहिले. मग दोरी सैल पडली आणि भोकातून दिव्याचा उजेड अलीकडे आला.

जावई स्वतःच्या पायांनी चालत आला. मास्क तोंडावर, नळी जागच्या जागी. बाहेर उतरून त्यानं मास्क काढला आणि आधी एक मोठा श्वास घेतला. चेहरा पांढराफटक.

"पोरा, बरा आहेस ना?" मास्तरांनी त्याला दोन्ही दंडांना धरलं. त्याला 'अरे-तुरे' करायची ही पहिलीच वेळ होती.

"बरा आहे." तो मास्तरांकडे निरखून बघत होता. त्यांच्या पायांतल्या बुटांकडेही त्यानं बघितलं. "मामा, तुम्ही आत आला होतात?"

"नाही."

"माझ्या मागं उभे होतात… अनवाणी. दिव्यात पाय दिसले. डाव्याला अंगठा नाही, म्हणून ओळखलं. म्हणालात, मास्क काढ, आता वास येत नाहीये. मी पट्टा सैलही केला होता. तेवढ्यात बाहेरून तीन झटके बसले." त्यानं वळून टाकीच्या तोंडाकडे बघितलं. "मग वाटलं, मामा इथं आहेत तर दोरी कोण ओढतंय?"

सांगावं असं मास्तरांना फार वाटलं. पैलवानाचं, हाकेचं, सगळं. पण समोरचं पोर आधीच घाबरलेलं होतं, घरी पोटुशी बायको वाट बघत होती, आणि नऊ वर्षांपूर्वी सांगून काय हाती लागलं होतं?

"मास्क नीट बसला नसेल," ते म्हणाले. "थोडी वाफ गेली डोक्यात. भास झाला तुम्हाला."

"भास…" जावयाला तेच ऐकायचं होतं. खांदे जरा खाली आले. "हो, तसंच असेल. मला वाटलं, मी गेलो आता."

"चला, झाकण लावू आणि मोकळे होऊ. आज पुरे झालं. उद्या साहेबांना काय सांगायचं ते मी बघतो."

त्यांनी जावयाच्या पट्ट्याचा हूक सोडला. जावई पितळी पाना आणायला गेला. अवजारांची पेटी पाच नंबरच्या पलीकडे, सावलीत ठेवलेली होती. मास्तर दोरीची गुंडाळी करत उभे राहिले. ऊन तसंच तापत होतं. मुलीला संध्याकाळी सांगायचं वाक्यही त्यांनी मनात जुळवलं, सगळा नेला तसा सगळा आणला.

टाकीच्या कडेवर ठेवलेलं मीटर अचानक केकाटलं. दोन क्षण, आणि गप्प झालं.

मास्तरांनी खाली बघितलं. टाकीच्या तोंडापासून सिमेंटवर ओली पावलं उमटली होती. अनवाणी. एवढ्या उन्हात सिमेंटवर कुणाचा उघडा पाय टेकणं शक्य नव्हतं. ती त्यांच्या डोळ्यांदेखत वाळत होती, तोंडाजवळची आधी, मग पुढची, आणि मागं डागही राहत नव्हता. पण शेवटची दोन-चार अजून ओली होती. उजव्याची पाच बोटं. डाव्याची चार.

पावलं पाच नंबरच्या दिशेनं गेली होती.

मास्तरांनी ओरडायला तोंड उघडलं आणि तसेच राहिले. ओरडले तर पोराला दोन हाका ऐकू जाणार होत्या, दोन्ही सारख्याच. त्यातली कुठली खरी ते ओळखायचं कसं, हे त्यांनी त्याला सांगितलंच नव्हतं.

पाच नंबरच्या पलीकडून पाना खाली पडल्याचा आवाज आला. लाल फीत तटकन तुटली.

"घाबरू नका मामा," जावयाचा आवाज घाईघाईनं म्हणाला. "आलो, आलो मी आत."

मास्तर धावले. दोरी हातातच होती, आणि तिची दोन्ही टोकं त्यांच्याच हातात होती.