दोन आखूड, एक लांब

हनुमंताच्या उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ होती आणि दोन वर्षांत तिच्याशी त्याचं बऱ्यापैकी जमलं होतं. दिवसभर उभं राहिलं, ओझं उचललं की ती बाहेर यायची. संध्याकाळी उताणं पडून तळव्यानं दाबलं की गुरगुरत आत जायची. कोंबड्या डालाव्यात तसं रोजचं काम. बायको, ज्योती, चुलीपुढून विचारायची, "गेली का आत?" तो म्हणायचा, "गेली." मग ताट वाढलं जायचं. पाथर्डी तालुक्यातल्या त्या घरात एवढी शिस्त दुसऱ्या कुणालाच नव्हती.

यंदा लिंबाचं वांगं झालं. ऊसतोडीचा हंगाम आटपून परत आले आणि एक दिवस गाठ आत जाईना. तासभर तो ओकत पडला. शेवटी गेली, पण ज्योतीनं काही ऐकून घेतलं नाही. जीपमध्ये घालून त्याला नगरला आणलं.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते आणि समजावून सांगायची त्यांना हौस होती.

"हर्निया आहे. जांघेतली भिंत फाटलीय. सायकलचा टायर फाटला की ट्यूब कशी फुगून बाहेर येते? तसं आतडं बाहेर येतंय. एक दिवस अडकेल, रक्त बंद होईल, सडेल. मग मला बोलवू नका."

"मग कुनाला बोलवायचं?" हनुमंतानं विचारलं. त्याला खरंच माहिती हवी होती.

डॉक्टर खुर्चीतून उठले. "उभे राहा. तोंड भिंतीकडे. आता खोका." खोकल्यावर गाठीला धक्का बसतो का ते बघायला त्यांनी गाठीवर बोटं ठेवली होती.

हनुमंतानं श्वास घेतला. तो खोकणार, एवढ्यात बोटांखाली गाठ उसळली. दोन छोटे धक्के. मग एक लांब.

"बास, कळलं."

"मी अजून खोकलोच न्हाई, साहेब."

डॉक्टर हसले. "म्हणजे तुमच्यापेक्षा तुमची गाठ ऐकण्यातली आहे."

हनुमंत हसला नाही.

दोन आखूड, एक लांब. असं खोकणारा माणूस त्याला माहीत होता. अंगद, त्याचा धाकटा भाऊ. लहानपणी डांग्या खोकला झाला, तेव्हापासून त्याची ती चालच पडली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेली त्यांची आई, कडूबाई, लांबूनच ओळखायची. "पानी ठेव गं, अंगद आला."

दोन वर्षांमागं ज्योती बाळंतपणाला होती, म्हणून हे दोघे भाऊ मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी, झाले होते. देवळाली प्रवरेच्या बाजूला तोड चालू होती. अंगदला ताप होता. दुपारी ट्रॉली भरत असताना तो कधी दिसेनासा झाला, कुणाच्या ध्यानात आलं नाही. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढताना हनुमंताला ट्रॉलीच्या आतून खोकला ऐकू आला. दोन आखूड, एक लांब. सावली बघून गडी आत उसात आडवा झाला होता. हनुमंताच्या मनात आलं, खोकतोय म्हंजे जागा हाय, उठंल. खाली मुकादम काकासाहेब ओरडत होता, "हनम्या, पाय गाडलं का काय फळीत?" हनुमंतानं मोळी टाकली. त्या झटक्यासरशी जांघेत काहीतरी सटकलं. मागून बाकीच्यांनी आणखी मोळ्या टाकल्या.

कारखान्यावर ट्रॉली रिकामी करताना अंगद सापडला.

ऊस कोसळला, सगळ्यांनी तेच सांगितलं. कडूबाईनं मात्र तेव्हापासून एकच प्रश्न धरला होता. ज्वारी निवडता निवडता ती रोज विचारायची, "आवाज दिला न्हाई का रं त्यानं?"

आणि हनुमंत रोज सांगायचा, "न्हाई आये. आवाजच न्हाई आला."

"ऑपरेशन कधी करता?" त्यानं डॉक्टरांना विचारलं. "आन् एकदा शिवलं की ते परत बाहेर तर येनार न्हाई ना?"

"जाळी बसवतो. मच्छरदाणीसारखी असते. मांसात मुरते. आतलं आतच राहतं, जन्मभर."

"मग उद्याच करा."

कमरेत सुई दिली. पाय आधी गरम झाले, मग दुसऱ्याच कुणाचे तरी झाले. छातीपुढं हिरवं कापड बांधलं होतं. दुखत नव्हतं, नुसतं ओढल्यासारखं वाटत होतं, पोत्यात हात घालून कुणी तळ चाचपावा तसं. कापडापलीकडून डॉक्टरांचा आवाज यायचा. "ही पिशवी. रिकामी आहे. आत ढकलू." मग थोड्या वेळानं, "जाळी द्या."

त्यावेळी कुणीतरी खोकलं.

"कोण ते? मास्क लावा," डॉक्टर म्हणाले.

"लावलाय, सर," सिस्टर म्हणाल्या.

भूल देणाऱ्या बाईंनी आपला मास्क चाचपला. हनुमंताच्या तोंडाकडे पाहिलं. ते घट्ट मिटलेलं होतं.

पुन्हा खोकला आला. कापडाच्या पलीकडून. ओला, दबलेला.

मग नुसता चिमट्यांचा आवाज. डॉक्टर आता भराभर शिवत होते, पाऊस यायच्या आधी गंजी झाकावी तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तपासायला आले. सूज नाही, रक्त नाही. आतडं चालू झालं का ते ऐकायला त्यांनी हनुमंताच्या पोटावर नळी ठेवली.

"जरा खोकू नका."

"मी न्हाई खोकलो, साहेब."

डॉक्टरांनी नळी तशीच ठेवली. खाटेशेजारी ज्योती स्टीलच्या डब्याचं झाकण धरून उभी होती. तिनं ते लावलं नाही. मग डॉक्टरांनी कानातून नळी काढली, गुंडाळली, खिशात घातली.

"दीड महिना ओझं उचलायचं नाही," ते भिंतीकडे बघून म्हणाले. "जाळी नीट बसलीय."

"काढता येती का?"

"आता नाही."

टाके दाखवायला त्याला पुन्हा बोलावलं नाही. गावातच काढून घ्या म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी जीप दारात थांबली. उंबऱ्यावर कडूबाई सूप घेऊन बसली होती. हनुमंत हळूच उतरला. टाक्यांवर हात, ओठ घट्ट. आवाज नको म्हणून चपलाही त्यानं हातात घेतल्या.

"झालं का रं बरं?" म्हातारीनं विचारलं.

त्यानं तोंड उघडलं नाही.

तळव्याखाली धक्का बसला. दोन आखूड. एक लांब.

सूप थांबलं.

"अवं, तुमी खोकला का?" ज्योती मागून म्हणाली.

कडूबाईनं मान वळवली. हनुमंताच्या तोंडाकडे नाही, खाली. तिथून ती हलली नाही.

"आये," हनुमंत म्हणाला. "त्या दिवशी आवाज..."

"आला व्हता," म्हातारी म्हणाली. "कळलं."

ती उठली. भिंतीला धरून माठापाशी गेली, दोन पेले भरले, चाचपत परत आली आणि दोन्ही त्याच्यापुढं ठेवले.

त्यानं एक पेला प्यायला. आत खोकला चालूच होता.

त्यानं दुसरा प्यायला.

खोकला थांबला.

कडूबाईनं बोटं घालून दोन्ही पेले रिकामे झाल्याची खात्री केली. पहिला पालथा घातला. दुसरा, अंगदचा, पुन्हा भरून आणला.