हे नाव आधीच घेतलेलं आहे

नागझिऱ्याचा वाघ मी लुनावर मागे बसवून सडक अर्जुनीच्या चौकापर्यंत आणून सोडला होता, ही गोष्ट सांगितली की तुम्ही हसता. हसा. ती हसण्यासाठीच आहे. आजच्या गोष्टीला हसता आलं, तर कसं हसायचं ते मलाही शिकवा.

गोंदियात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी तिथंच माझा सायबर कॅफे होता आणि उमेंद्र त्या कॅफेतला. देवरीकडच्या खेड्यातून बसनं यायचा आणि गप्पांच्या त्या जुन्या प्रोग्राममध्ये शिरला की परतीची बस हमखास चुकवायचा. तेव्हा चित्रं नव्हती, आवाज नव्हता. तिरकी रेघ मारायची आणि पुढं आज्ञा लिहायची. रेघ, जॉइन, खोलीचं नाव, की तुम्ही त्या खोलीत. रेघ, हूइज, कुणाचं नाव, की तो कुठून बोलतोय, कधीपासून बसलाय, सगळं समोर. खोलीत जो आधी शिरेल तो मालक. त्याच्या नावाआधी वाटोळी खूण यायची आणि रेघ, किक, एवढं लिहून तो कुणालाही हाकलू शकायचा.

आणि एका नावाचा एकच माणूस. तुमचं नाव आधीच कुणी घेऊन बसलं असेल, तर तुमच्या नावाला खालून एक आडवी रेघ चिकटायची, शेपटासारखी. पोरं ओरडायची, "आला रे शेपूटवाला."

कॅफे बंद केला तेव्हा एक डबा, म्हणजे जुना कॉम्प्युटर, उमेंद्रला दिला. मोठ्या पोटाचा पडदा, पिवळी पडलेली पेटी. दीड वर्षानं तो कामासाठी रायपूरच्या बसमध्ये चढला आणि परत आला नाही. पोलीस झाले, देवऋषी झाले. बारा वर्षं उलटली. धाकट्या बहिणीचं, चेतनाचं, लग्न त्यापायी अडलं, तेव्हा नातेवाईक म्हणाले, पोराला एकदाचं मोकळं करा.

प्रेत नसलं की आपल्याकडं पळसाच्या पानांचा माणूस बांधतात. डोक्याला नारळ, डोळ्यांना कवड्या. त्याला गेलेल्याचं नाव देतात आणि मग आग. फाल्गुनात, नदीवर, उमेंद्रचं असं झालं.

वैशाखात चेतनाचा फोन आला.

"काका, आईनं जेवण सोडलं. म्हणते, जित्या पोराले जाळलं मी. दादा जाताना बोलला होता म्हणे, काही लागलं तं या डब्यात लिहजो. तुम्ही येऊन फक्त सुरू करून द्या ना. त्यात कोणी नाही, हे तिले दिसू द्या."

दहा मिनिटांचं काम. गेलो.

भर दुपार होती. गाव दारं लावून पडलं होतं. रस्त्याच्या कडेला तेंदूपत्त्याच्या गड्ड्या वाळत घातल्या होत्या आणि गरम वाऱ्यानं त्या सगळ्या शिवारभर खुसखुस वाजत होत्या. घरात बाजेवर उमेंद्रची आई, पार्वताबाई. माणूस कसला, लुगड्याची घडी. हिरालालभाऊ, तिचा नवरा, आमच्याकडं पाठ करून दाराशी बसला होता, आणि चेतना डब्याजवळ उभी होती.

"या, खुशालभाऊ. नवीन काय फेकता आज?"

"आज काही नाही, वहिनी. आज खरं काम आहे."

"मंग त होत नाही तुमच्यानं," ती म्हणाली. हसली नाही.

मी धूळ झटकली. टेलिफोनची तार उंदरांनी केव्हाच खाल्ली होती, भिंतीतून नुसतं टोक बाहेर लोंबत होतं. मला बरंच वाटलं. जोडणी झाली नाही असं पडद्यावर येईल, तिला वाचून दाखवू, चहा घेऊ, निघू. पेटी घरघरली. प्रोग्राम उघडला. आत यायला नाव लागतं म्हणून मी 'आई' लिहिलं. मग रेघ, जॉइन, आणि उमेंद्रच्या खोलीचं नाव. ते त्यानं 'घर' ठेवलं होतं.

जोडणी झाली.

खोलीत एक जण आधीच बसला होता. वाटोळी खूण आणि पुढं नाव. उमेंद्र.

मी तारेच्या टोकाकडं पाहिलं. ते लोंबतच होतं.

"कोण आहे?" पार्वताबाई उठून बसली. "वाचा ना जी."

"नाव... नाव त्याचंच आहे."

ती बाजेवरून कशी उतरली मला कळलं नाही. माझ्या खांद्यावर तिचा हात आला, भाजलेल्या कणसासारखा गरम. "विचारा, जेवला का."

मी विचारलं. उत्तर अक्षर-अक्षर येत होतं, कुणी एका बोटानं दाबत असल्यासारखं. 'पानी नको. आग नको. बाकी चालते.'

मी गुपचूप हूइज लिहिलं. ठिकाणापुढं याच मशीनचा पत्ता आला. कधीपासून बसलाय, त्यापुढं फाल्गुनातली एक तारीख आणि दुपारची वेळ.

"हिरालालभाऊ, आग किती वाजता दिली होती?"

तो न वळता म्हणाला, "बाराच्या ठोक्याले. बंद करा जी ते."

तारीखही तीच होती. म्हणजे नदीवर पानांच्या माणसाला नाव दिलं, आग दिली, आणि त्याच घटकेला हा खोलीत येऊन बसला. त्याच्याआधीचं याचं काही नव्हतंच. मी पार्वताबाईला सांगितलं. जेवढं हळू सांगता येईल तेवढं हळू.

तेवढ्यात पडद्यावर नवी ओळ आली. खोलीत आणखी कुणी शिरलं होतं. नाव उमेंद्र, आणि नावाला खालून शेपूट.

'आई,' शेपूटवाल्यानं लिहिलं. 'माझं नाव कोणं घेतलं? मले घेऊ नाही देऊन राहिलं.'

मी वाचलं. बाहेर पानं खुसखुसत होती आणि करपल्याचा वास यायला लागला होता. कुणाच्या चुलीचा असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

"विचारा दोघाले," पार्वताबाई म्हणाली. आवाज एकदम घट्ट झाला होता तिचा. "लहानपणी, तान्ह्या पोळ्याच्या सणाले, काय केलं होतं त्यानं. हे मले अना त्याले, दोघालेच मालूम."

पहिल्याचं उत्तर आधी आलं. 'पोळा मालूम नाही. पानं मालूम आहेत. दोरा मालूम आहे. कवड्या लावल्या तवा तुझा हात कापत होता.'

मग शेपूटवाला. 'दुसऱ्याचा लाकडी नंदी चोरला होता. धानाच्या ढोलीत लपवला. तुले दिसला. तू मारलं नाही, रात्री त्याच्या दारात ठेवून आली.'

पार्वताबाई खाली बसली. "जित्ता आहे," ती म्हणाली. "अहो, जित्ता आहे पोरगा... कुठं आहे विचारा. लवकर. कुठं आहे?"

मी विचारलं. शेपूटवाल्यानं लिहायला सुरुवात केली. 'मी इथं'

आणि ओळ तिथंच तुटली. खाली आलं, उमेंद्रनं त्याला हाकललं. कारण: नाव माझं आहे.

तो पुन्हा आला. 'आई मी' आणि पुन्हा हाकलला. पुन्हा आला. 'आ' एवढंच. खोली त्या दुसऱ्याची होती, मालक तो होता. मी येत होत्या तेवढ्या सगळ्या आज्ञा मारून पाहिल्या. प्रत्येकीला एकच उत्तर, तुम्हाला अधिकार नाही.

पार्वताबाईनं पडद्याला दोन्ही हात जोडले. "बोलू दे रे बाप्पा त्याले. एक डाव बोलू दे. कुठं आहे एवढं सांगू दे."

ते मी टाइप केलं नव्हतं. तरी उत्तर आलं.

'आग देताना तू म्हणाली, जा. आता म्हण, ये. मंग त्याले बोलू देतो.'

"नको वो," हिरालालभाऊ पहिल्यांदा वळला. "म्हणू नको. तो आपला नव्हे."

"नसू दे," ती म्हणाली. "आपला तं बोलेल ना."

मी कळफलकावरून हात काढून घेतले. त्याचा काय उपयोग? तिनं तोंडानंच म्हटलं. "ये."

पडद्यावर आलं, उमेंद्र खोलीतून गेला. लगेच पुढची ओळ, शेपूटवाल्याला त्याचं नाव मिळालं. नुसतं उमेंद्र, शेपूट नाही. तो लिहू लागला. 'आई, मी इथं राय'

पडदा आकसून एक पांढरा ठिपका झाला, आणि विझला.

वीज होती, पंखा फिरत होता. भिंतीतला प्लग तेवढा निघून खाली पडला होता. आमच्या चौघांपैकी तिकडं कुणीच नव्हतं. त्याच्या पितळी दातांत करपलेल्या पानाचा तुकडा अडकला होता. मागच्या दाराबाहेर वाळलेल्या पानांतून चालल्यासारखं काही वाजलं, आणि थांबलं. त्या अंगणात पानं नव्हती. चेतनानं सकाळीच झाडलं होतं.

मशीन मी दुकानात आणलं. आतलं होतं नव्हतं ते सगळं बदललं. सुरू होत नाही. रायपूरला दोनदा जाऊन आलो, फोटो घेऊन. 'राय' म्हणजे रायपूरच, हे तरी कुणी सांगावं?

मागच्या आठवड्यात चेतनाच्या लग्नाचं बोलावणं आलं म्हणून गेलो होतो. पार्वताबाई जेवते आता. मागच्या दाराशी रोज पळसाच्या पत्रावळीवर भात-वरण वाढून ठेवते. सकाळी भात जमिनीवर असतो, तसाच, शीत न हललेला. पत्रावळ नसते.

"जनावरं नेत असतील," मी म्हणालो.

"जनावर भात सोडून पान खाईल का?" तिनं आवाज खाली आणला. "अंग भरून येऊन राहिलं त्याचं. मी रोज विचारते, माह्या पोराले कवा बोलू देशील. तो दारामागून म्हणते, आधी मले पूर्ण होऊ दे." मग माझा हात धरून म्हणाली, "खुशालभाऊ, गोंदियाच्या बाजारात कवड्या भेटतात ना? दोन आणा. मोठ्या."

आणल्या आहेत. ह्या बघा. देऊ की नको, ते ठरत नाही म्हणून खिशातच ठेवून फिरतोय. हात लावा, भिऊ नका. परवापासून रुमालानं कोरड्या करतो, आणि घटकाभरानं पुन्हा ओल्या होतात.