कंची बाणगंगा?

यंदा घटस्थापनेला बाणगंगेच्या उगमाचं पाणी घालायचं, असा शिवकन्येनं देवीला शब्द दिला होता. म्हणून दीर इंद्रजित आणि त्याचा दोस्त अक्रम यांना घेऊन, हातात रिकामा कलश धरून ती तुळजापूरच्या पलीकडच्या डोंगरात शिरली.

पायथ्याशी कडूबाई शेळ्या राखत होती. "रामाचा बाण लागलेली बाणगंगा पलीकडं, पोरी. ही लक्ष्मणाची! रागात मारलेला बाण. हिचं पाणी बी तसलंच, येतंय ते अंगावर."

"आमच्या रानात बोअरवाल्यानं मारलाय बाण, मावशी!" अक्रम हसला.

पण शिवकन्येच्या माहेरच्या घटाला पाणी जायचं ते ह्याच बाणगंगेचं. ती पुढं चालू लागली.

चढता चढता घळ अरुंद झाली. दोन्ही अंगांना काळा कातळ, मधे शेवाळलेले धोंडे. उगमाची कपार दिसू लागली, तोच एक धोंडा कलंडला. इंद्रजितचा पाय अडकला! दोघांनी जीव खाऊन ओढलं. धोंडा हलेना. अन् तेवढ्यात माथ्यावर पाऊस कोसळला.

पाणी गढूळलं. गुडघ्याला लागलं. कमरेला आलं!

अक्रमनं गावातल्या बंडप्पामामांना फोन केला. ते माणसं, दोर, पहार घेऊन निघाले. बराच वेळ झाला, कुणीच येईना. पुन्हा फोन.

"आमी बाणगंगेतच हाव की! तुमी कुठं हाव?"

"आम्ही बी बाणगंगेतच!"

"आरं पण कंची? ह्या डोंगरात तीन हायती!"

अक्रमला सांगायला एक खूण सापडेना. शिवकन्येनं फोन ओढून घेतला. "लक्ष्मणाची, मामा! रागाच्या बाणाची!"

फोन बंद पडला. त्यांनी ऐकलं का? कळायला मार्ग नव्हता.

पाणी इंद्रजितच्या छातीला लागलं.

"वहिनी, तुम्ही वर जावा."

"गप बसा, भावजी."

त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवायला तिनं कलश सोडला. तो गटांगळ्या खात गेला.

आणि वरून दोर पडला! पहारीनं धोंडा उचकटला. पाय सुटला, सोललेला, पण शाबूत.

"लक्ष्मणाची म्हणालीस म्हणून घावलात," बंडप्पामामा धापा टाकत म्हणाले. "आमी रामाच्या बाणगंगेत हाका मारत बसलो हुतो!"

उगम हाकेच्या अंतरावर होता. शिवकन्येनं तिकडं हात जोडले आणि पाठ फिरवली.

घटस्थापनेच्या सकाळी अक्रम कळशी घेऊन दारात उभा. "वहिनी, आमच्या बोअरचं चालंल का? बाण मारूनच काढलंय."

"कंची बाणगंगा म्हनायची ही?" आतून इंद्रजित ओरडला.

"अक्रमभाऊंची," शिवकन्या म्हणाली, आणि तिनं घटात पाणी ओतलं.