सड्यावरचं ठेंगणं फूल

जगात आजवर कुठेही न उमललेलं फूल कुणकेश्वरच्या वरच्या सड्यावर, उघड्या कातळपठारावर, उमललं आणि वनस्पतिशास्त्राला नवी दिशा मिळाली. निदान धनेश सरांच्या फाटकावरच्या फलकावर तसं लिहिलं होतं. खाली फुलाचं लॅटिन नाव आणि शाल पांघरलेल्या सरांचा फोटो होता. फुलाचा नव्हता.

सड्यावरून आणून सरांनी कुंड्यांत लावलेलं ते फूल शनिवारी सकाळी गायब होतं.

"टीचर, बेगीन येवा! सरांची झाडां कोणीतरी नेल्यान!" सरांची शेजारीण नर्मदा फोनवर ओरडली.

जॉयस टीचर रिक्षा करून जामसंड्याहून आल्या. शाळेत जीवशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. आता गावोगावचे लोक हरवलेल्या कोंबडीसाठीसुद्धा त्यांनाच बोलवत.

नर्मदेचा जीव फुलात नव्हता, विहिरीत होता. सड्यावर गुरुदासची चिऱ्यांची खाण पसरत होती आणि तिच्या विहिरीचं पाणी खाली खाली चाललं होतं. फूल दुर्मीळ ठरलं की खाण बंद, असं सरांनी सांगितलं होतं. ओळख पटवायला कोल्हापूरच्या तज्ज्ञ बाई दुपारी येणार होत्या. बियांपासून वाढवलेली रोपंही तयार ठेवा, असा त्यांचा निरोप होता.

पडवीच्या पत्र्याखाली आता कुंड्यांचे गोल ठसे तेवढे होते. लगतच्या वाफ्यात झेंडू: वीतभर, काळपट हिरवा, पानं एकमेकांवर चढलेली. फाटकाजवळचा झेंडू मात्र कमरेला लागत होता. पडवीच्या कोपऱ्यात कलमांना मोहोर आणायच्या औषधाचा डबा, त्यावर मापाचा पेला.

"कुंड्यांना पाणी किती घालायचात, सर?"

"थेंबभरही नाही. दुष्काळात तग धरतं, हीच तर त्याची खासियत."

"मग ठशांपासून वाफ्यापर्यंत ओघळ कसले?"

"पावसाचे."

"पत्र्याखाली?"

सरांनी घाम पुसला. "मला काय विचारता? त्या गुरुदासला विचारा."

गुरुदास खाणीवर खुर्ची टाकून बसला होता.

"टीचर, मी अख्खो डोंगर नेतंय, तो पण दिसाढवळ्या. फुलां चोरूक मी काय पोरगो आसंय?"

या माणसाची किळस यावी असंच हे उत्तर होतं. पण ते खरं वाटत होतं, आणि जॉयसना त्याचीच जास्त किळस आली.

त्या परतल्या आणि थेट सरांच्या शेणखताच्या खड्ड्याशी गेल्या; वरचं शेण नुकतंच उकरलेलं होतं. बाह्या वर सारून कोपरापर्यंत हात घातला.

"अगो बाये, टीचर!" नर्मदेने नाकाला पदर लावला.

आधी ठेंगणी झाडं बाहेर आली. मग लांबलचक, सडसडीत रोपं. फुलं दोन्हींची एकच: मध्ये पिवळं, कडेच्या पांढुरक्या पाकळ्यांना तीन-तीन दाते.

तज्ज्ञ बाई आल्या तेव्हा सगळं अंगणात मांडलेलं होतं. गंमत बघायला गुरुदासही आला होता.

"चोर घरातलाच," जॉयस म्हणाल्या. "ही एकदांडी. गटाराच्या कडेला उगवते ती. पाण्यावाचून जगते, तेवढंच सरांचं खरं. आंब्याच्या कलमांची वाढ रोखून मोहोर आणायचं औषध यांनी कुंड्यांत ओतलं. दांडा आखडला, पानं जाड झाली, नवी जात तयार! निचरा वाफ्यात गेला, म्हणून तिथला झेंडूही खुजा राहिला. पण बियांची रोपं औषधाशिवाय सरळ वाढली. बाईंनी नेमकी तीच मागितली. मग रात्रीत सगळं शेणात."

तज्ज्ञ बाईंनी भिंग लावलं आणि मान डोलावली. "एकदांडीच."

सरांची प्रमाण मराठी गळून पडली. "गावासाठीच केलंय मी. हिच्या बावीसाठी..."

"माझ्या बावीचा नाव घेव नको, मेल्या!" नर्मदा किंचाळली.

"आणि लॅटिन नावात स्वतःचं नाव घातलंत, तेही विहिरीसाठीच?" जॉयसनी विचारलं. हाताला शेणाचा वास येत होता. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

नर्मदा तज्ज्ञ बाईंकडे वळली. "मगे खाण आता थांबाची नाय?"

"खाण? मी फक्त फूल ओळखायला आलेय. खाणीबद्दल मला कोणी काही सांगितलेलं नाही."

सगळ्यांनी गुरुदासकडे पाहिलं.

त्याच्या खाणीची परवानगी गेल्या महिन्यातच वाढवून मिळाली होती.