एका डोळ्याची जीप

"दादा त्या जीपमध्ये बसलाच का?"

हे भूषणने वहिनीला विचारलं, जीपच्या मालकाला विचारलं, मयतीला आलेल्या एकेकाचा हात धरून विचारलं. मलाही विचारलं. मी म्हटलं, "चल, चहा घे." उत्तर कोणीच दिलं नाही. ठाऊक नव्हतं असं नाही. पण अशा गोष्टी पोराच्या तोंडावर कोण सांगणार?

टॉर्च बंद कर रे हर्षित. लाइट यायची तेव्हा येईल. ईशानी, दारातून सरक, गार वारा येतोय. भीती वाटणार असेल तर आत्ताच सांग.

"मैं क्यों डरूँ, आबा? हर्षितला विचारा. काल मांजराला बघून किंचाळला."

"ते मांजर एकदम अंगावर आलं होतं!"

बरं, गप्प बसा. ही रात्र मी पाहिलेली नाही. पण सकाळी जे उरलं होतं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय, आणि चाळीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपात काढलेला माणूस आहे मी, सहज फसत नाही.

नीलकंठ आणि भूषण ही माझ्या मावसभावाची मुलं. झाशीतल्या आपल्या मराठी लोकांत कोणी कचेरीत, कोणी शाळेत, कोणी रेल्वेत. नीलकंठने कानपूर रोडला पत्र्याची शेड टाकली आणि ट्रक रंगवायला घेतले. मोर, कमळं, वाघ, मागच्या फळीवर सबंध डोंगर आणि त्यात मावळता सूर्य. भूषण दहा वर्षांनी धाकटा. आठवीत शाळा सोडून दादाच्या मागे लागला. डोकं तापट, हात सोन्याचा.

छावणीतला एक पहाडी फौजी ड्रायव्हर त्यांचं काम बघून वेडा झाला. "हमारे गाँव की जीपें भी रंग दो, भैया." कुमाऊँत वरच्या अंगाला त्याचं गाव. तेव्हापासून दर चैत्रात दोघं भाऊ तिकडे जायचे. चार वर्षांत सतरा जिपा रंगवल्या. तिथली पोरंही शिकली, स्वतः रंगवू लागली. कुणावर बुरांशची लाल फुलं, कुणावर हरिण, कुणावर मोनाल पक्षी. म्हाताऱ्यांना अक्षर येत नाही, पण दरीच्या पलीकडून चित्र बघून सांगायच्या, हरिणवाली आली, ही बाजारात जाईल. मोनालवाली आली, ही इस्पितळाला.

नीलकंठची एक रीत होती. प्रत्येक गाडीच्या तोंडावर, दिव्यांच्या वर, दोन डोळे. ते सर्वांत शेवटी. डोळे उघडल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही. डोळा ज्या हाताने सुरू केला त्याच हाताने पुरा करायचा, दुसऱ्याने त्यात ब्रश घालायचा नाही. बाहुली भरताना श्वास रोखायचा. भरून झाली की रंगवणाऱ्याने बाजूला होऊन डोळे मिटायचे, आणि डब्यातला उरलेला काळा रंग नीलकंठ अंगठ्याने भूषणच्या कानामागे लावायचा. तीट. "गाडीला नजर दिली, आता तुला लागायला नको," म्हणायचा. वीस-बावीस वर्षांचा घोडा झाला तरी लावायचा. भूषण चिडायचा, पण कान पुढे करायचा.

गेल्याच्या गेल्या वर्षी, एप्रिलात, मोनालवाल्या जिपेचा उजवा डोळा नीलकंठने काढला. डावा भूषणने घेतला. घाईत घेतला. नीलकंठने मागे होऊन बघितलं आणि चार ड्रायव्हरांसमोर हसला.

"भुश्या, तिरळा झालाय रे. गाडी दरीकडे बघतेय."

आणि ब्लेडने खरवडून टाकला. खाली पांढरं अस्तर तेवढं राहिलं.

पोराच्या डोक्यात तिडीक गेली. ब्रश फेकला. "तूच काढ तुझा डोळा!"

"माझा नाही, तुझा आहे. तूच काढशील."

भूषण तसाच दुपारच्या बसने निघाला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. दोन दिवसांनी झाशीला उतरला तेव्हा शेडमध्ये मीच त्याची वाट बघत होतो. बस सुटून तासही झाला नसेल, नीलकंठने त्या जिपेची किल्ली मागितली होती. मालक विक्रम रडत फोनवर एवढंच म्हणायचा, "चाबी माँगी, मैंने दे दी, जी." बसच्याच वाटेवर, तिसऱ्या वळणाला जीप डाव्या अंगाने दरीत गेली. नीलकंठचं प्रेत वर काढलं. जीप अजून तिथेच पडलेली आहे.

त्यानंतर भूषणने ब्रश धरला नाही. दादाचा खारीच्या केसांचा ब्रश तेवढा सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवायचा. धरायला गेला की हात थरथरायचा. शेडला कुलूप. वहिनी, म्हणजे कमलिनी, एक शब्द बोलायची नाही.

आठ महिने गेले. तारीख सांगतो, लक्षात ठेवा. ११ डिसेंबर २०२३, सोमवार. अमावस्येच्या आदली रात्र.

त्या सकाळी कमलिनी पहिल्यांदा आपणहून म्हणाली, "भावोजी, बरुआसागरहून पाच किलो आलं आणता का? आलेपाक करते."

नीलकंठला थंडीत खोकला व्हायचा, म्हणून त्या घरात दरवर्षी आलेपाक. यंदा खाणारं कोण, हे भूषणच्या ओठांवर आलं होतं. पण त्याने मोटरसायकल काढली.

आलं मिळालं. निघता निघता ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याने गाठलं. "अरे कलाकार! ट्रॉली पे नंबर तो लिख दे, यार. तेरे सिवा कौन लिखेगा?" काळ्या रंगाचा नवा डबा हातात दिला. भूषणने दादाचा ब्रश काढला. पत्र्यासमोर बसला. अर्धा तास बसून राहिला. एक रेघ उठली नाही. ट्रॅक्टरवाला शहाणा माणूस. "रहने दे. डिब्बा रख ले, जब मन हो तब आना," म्हणाला आणि जबरदस्तीने जेवायला बसवलं.

निघाला तेव्हा पावणेदहा झाले होते. आल्याची पिशवी हँडलला, डबा सदऱ्यात. धुकं असं की स्वतःचं पुढचं चाक दिसेना.

बेतवेचा पूल यायच्या अलीकडे मागून एक दिवा आला. एकच. भूषणला वाटलं, मोटरसायकल असेल. जाऊ दे पुढे म्हणून वेग कमी केला. दिव्यानेही कमी केला. याने वाढवला, त्यानेही वाढवला.

मग आवाज कानावर आला. जीप होती. आणि चढ चढतेय, दुसऱ्या गियरमध्ये, अशी घरघरत होती.

तिथे चढ नाही, हर्षित. तू गेलायस त्या रस्त्याने. सगळा सपाट आहे.

भूषणने गाडी कडेला घेतली, बंद केली. जीप हळूहळू शेजारून गेली. डाव्या चाकांखाली कडेचे दगड कडकड वाजत होते. जणू चालवणाऱ्याला ती बाजू दिसतच नव्हती. ती पुढे गेली आणि मागची फळी समोर आली.

लाल बुरांश. मधोमध मोनाल. त्याची शेपटी निळ्याहिरव्या सात रेघांची.

त्या सात रेघा भूषणच्या हातच्या होत्या.

"आबा..."

"चूप, ईशानी. सांगू दे आबांना."

जीप डावीकडेच सरकत होती. पुलाचा कठडा जिथे सुरू होतो त्याच्या थोडं अलीकडे कडा उघडी आहे. खाली नदी. जीप नेमकी तिकडे निघाली.

"दादा!" भूषण ओरडला. "उजवीकडे घे! उजवीकडे!"

थांबली. पुढचं डावं चाक कडेच्या बाहेर अर्धं. इंजिन चालूच.

आतून खोकला आला. दोन आखूड. एक लांब.

तो खोकला भूषणने लहानपणापासून ऐकलेला. पाय पळायला निघाले होते. त्याने मला सांगितलं, काका, पहिलं मनात आलं ते पळायचंच. गाडीला किक मारायची आणि झाशी गाठायची. पण चाकाखालून एक खडा सुटला. किती तरी वेळाने खाली पाण्यात वाजला.

दादा पुन्हा पडणार होता.

भूषण चालत पुढे गेला. जिपेच्या तोंडासमोर. त्या कडेवर, पाठीमागे नुसतं धुकं. काचेच्या आत काळोख होता, कोणी दिसलं नाही. उजवा डोळा मात्र दिसला. दादाने काढलेला. टपोरा, काळाभोर.

तो डोळा भूषणकडे बघत होता.

भूषण एक पाऊल डावीकडे सरला.

डोळाही सरला.

दुसऱ्या बाजूला नुसतं पांढरं. ब्लेडचे ओरखडे तसेच.

"दादा," तो म्हणाला, "हात थरथरतोय रे माझा..."

इंजिन घरघरत राहिलं.

"परत तिरळा झाला तर?"

चाक बोटभर घसरलं.

किल्लीने डब्याचं झाकण उचकटलं. ब्रश बुडवला. मांडी घालून बसायला जागा नव्हती, गुडघे टेकले. एकदा कड आखली. पापणी ओढली. हात... हात थरथरत नव्हता. बाहुली राहिली. श्वास रोखला. भरली. वरचा ठिपका सोडला, उजेडाचा.

सरळ होती. रस्त्याकडे बघत होती.

बाजूला झाला. डोळे मिटले. रीतच तशी.

इंजिन वाढलं. दगड करकरले. चाक वर आलं असावं. मग जीप त्याच्या अंगाला लागून गेली, अगदी लागून. टर्पेंटाइनचा वास. कानामागे काहीतरी गार लागलं... धुकं असेल, त्याला वाटलं.

डोळे उघडले. रस्ता रिकामा. पुलाच्या पलीकडे धुक्यात दोन दिव्यांचे झोत. हो, दोन. जाताना ते एकदाही डावीकडे कलले नाहीत.

घरी साडेअकराला आला. आल्याची पिशवी ओट्यावर ठेवून कपड्यानिशी झोपला.

सकाळी कमलिनी आलं धूत होती. हा चहा घ्यायला वाकला.

"भावोजी, कानामागे काय लागलंय तुमच्या?"

मग तिच्या हातातलं आलं खाली पडलं.

मला बोलावलं तेव्हा मी दाढी करत होतो. फेस तसाच घेऊन धावलो. मी बघितलं. भूषणच्या डाव्या कानामागे काळ्या रंगाचा ठसा. अंगठ्याचा. आणि त्या ठशाच्या मधोमध तिरकी पांढरी रेघ, रंग न लागलेली. नीलकंठचा अंगठा लहानपणी डब्याच्या पत्र्याने कापला होता, तिरका. ती खूण त्याच्या बायकोला ठाऊक होती, भावाला होती आणि मला होती. टाके घालायला मीच नेलं होतं त्याला.

मी म्हटलं ना, सहज फसत नाही. भूषणच्या सदऱ्यातल्या डब्याचा रंग त्याच्या दोन्ही अंगठ्यांना लावून वर्तमानपत्रावर ठसे घेतले. सबंध गोल. मध्ये रेघ नाही. कमलिनीचे घेतले, नाही. तो कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे.

"दिखाइए न, आबा."

सकाळी. आत्ता नाही.

कमलिनीने सवयीने रॉकेलचा बोळा घेतला पुसायला. भूषणने तिचा हात धरला. "राहू द्या, वहिनी." मग पहिल्यांदाच काल रात्रीचं सगळं सांगितलं. आम्ही दोघं ऐकत होतो. चुलीवर आलेपाकाचा पाक लागून करपला, कोणी उठलं नाही.

शेवटी त्याने पुन्हा तेच विचारलं. "दादा त्या जीपमध्ये बसलाच का, काका?"

मी खाली बघितलं. या खेपेला चहा घे म्हणायलाही तोंड उघडलं नाही.

त्याने तो डबा पुढे ओढला. रंग अजून ओला होता. भिंतीवर नीलकंठचा फोटो, हार घातलेला. इतकी वर्षं दादाच त्याला तीट लावत आला. दादाला कधी कोणी लावली नव्हती.

भूषणने हार बाजूला केला, अंगठा डब्यात बुडवला आणि काचेवर, दादाच्या कानाशी, हलकेच टेकवला.