जड झालेली गिटार

"ही बाबांची गिटार नाहीच मुळी!" मुंगी ओरडली आणि खांद्यावरचा पट्टा काढून तिने ती बेस गिटार धप्पकन पलंगावर ठेवली.

"अगं, तीच आहे!" तिचा मामेभाऊ ढब्बू म्हणाला. "सायीचा रंग, जुन्या मोटारीसारख्या चकचकीत कडा, चार जाड तारा. आणखी काय हवं?"

"पण ती हलकी होती!"

मुंगीचे बाबा गेल्या वर्षी आजारपणात गेले. त्यांची ही गिटार नुकतीच दुरुस्त होऊन आली होती आणि सुट्टीत मुंगी ती शिकणार होती. बाबांचं एवढंच तर उरलं होतं. आई म्हणाली, "तूच धड जेवत नाहीस, मग जड लागणारच!" आईने गिटारकडे पाहिलंसुद्धा नाही. ती हल्ली पाहतच नसे.

शेजारचा शंकासुर मात्र प्रश्न विचारल्याशिवाय पाणीही प्यायचा नाही. "आधी कधी उचलली होतीस?"

"रोज! बाबा पलंगावर असायचे. मीच आणून द्यायचे, एका हाताने!"

"एका हाताने? मग चला दुकानात!"

दुरुस्तीवाल्याने गिटार उलटी केली. "ही दांडी बघ. तुझ्या बाबांच्या अंगठ्याने इथला रंग गेलाय. हे काय मी जादूने केलं?"

खरंच होतं ते! बाबांचा अंगठा तिथेच असायचा. मुंगीचे डोळे भरून आले. ढब्बूचा चेहरा पडला.

शंकासुर मात्र भिंतीकडे बघत होता. तिथे गिटारींच्या सुट्या दांड्या ओळीने टेकवल्या होत्या.

"काका, या सुट्या का?"

"सगळ्यांच्या दांड्या आधी काढायच्या, मग एकदम सरळ करायच्या. वेळ वाचतो!"

"मग कुठली दांडी कुठे बसवायची, ते कसं कळतं?"

"सोपं आहे. दांडीचा रंग बॉडीशी जुळवून!"

"आणि दोन गिटारींचा रंग एकच असला तर?"

दुरुस्तीवाल्याने पाना खाली ठेवला. "सायीच्या रंगाच्या दोन आल्या होत्या खऱ्या."

"म्हणजे दांडी बाबांची आणि बॉडी दुसऱ्याची!" ढब्बूने टाळी वाजवली. "लावा फोन त्या दुसऱ्यांना! नाहीतर आम्ही इथेच बसतो. सुट्टी भरपूर आहे!"

थोड्या वेळाने एक म्हातारे वादक गिटार घेऊन आले. "दुरुस्तीनंतर पाठ दुखायची थांबली," ते म्हणाले. "कितीतरी दिवसांनी उभं राहून वाजवलं. मला वाटलं, मीच तरुण झालो!" सगळी हकीकत त्यांनी ऐकून घेतली. मग त्यांनी गिटार मुंगीच्या हातात दिली. तिने ती एका हाताने उचलली. तीच! अगदी तीच!

"आजोबांना तशीच हलकी बॉडी बनवून देतो, फुकट," दुरुस्तीवाला खाली मान घालून म्हणाला. दांड्यांची अदलाबदल करताना त्याने हळूच सांगितलं, "आजारपणात तुझे बाबा स्वतः जुनी जड गिटार घेऊन आले होते. म्हणाले, खांदा साथ देत नाही, आतून पोकळ बॉडी द्या, दांडी हीच राहू द्या. पण घरी बोलू नका. जुन्या ढंगाची हौस म्हणून घेतली, असंच त्यांना वाटू द्या."

मुंगीला एकदम रडू फुटलं. गिटारही पेलू नये इतके बाबा थकले होते आणि तिला कळलंच नव्हतं.

"शाबास पोरांनो!" आजोबांनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला. "आम्हा मोठ्यांचं लक्षच नव्हतं."

घरी आल्यावर मुंगीने गिटार आईच्या हातात दिली. आईने ती घेतली आणि दचकलीच.

"इतकी हलकी? गिटार गळ्यात अडकवून पलंगावरून उठून उभे राहायचे ना ते! मला वाटायचं, अंगात ताकद येतेय. आता बरे होणार."

मुंगीने दुकानात ऐकलेलं सगळं सांगून टाकलं. आई गिटार मांडीवर घेऊन खुर्चीत बसली.

"फार हुशार आहात रे तुम्ही," ती म्हणाली. तिने तिघांच्या केसांवरून हात फिरवला.

"एकदा सांगायचं होतं गं त्यांनी मला," ती रडत म्हणाली. "जुनी जड गिटारही चालली असती. मी धरली असती."