दुसऱ्या कनेक्शनची वाट

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो आणि मी भयंकर चिडलेली होते. बसची तिकिटं विकणारी आमची साइट सकाळपासून ठप्प होती. सगळ्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसची कनेक्शन्स, म्हणजे त्याच्याशी बोलायच्या वाटा, संपली होती, आणि ती वाढवून न देणारा माणूस वरच्या मजल्यावर बसतो एवढंच मला ठाऊक होतं.

"त्या द्वारपालाला आज सोडत नाही!" मी पुटपुटले.

"कोणत्या?" शेजारच्याने विचारलं.

"डेटाबेस सांभाळतो तो. कनेक्शन्स काय त्याच्या घरची आहेत?"

"नाही... पण मागाल तेवढी दिली, तर डेटाबेस आडवा होईल." दार उघडलं. "या, मीच तो."

माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. त्याने मात्र खुर्ची पुढे केली आणि माझा कोड उघडायला लावला.

आमच्या साइटवर शेकडो लोक एकदम येतात. प्रत्येकासाठी एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमचा एक स्वतंत्र धागा, धावतो, सामायिक साठ्यातून एक कनेक्शन घेतो आणि काम झालं की परत करतो. मी काय केलं होतं, तर तिकिटासाठी एक कनेक्शन घ्यायचं आणि ते हातात असतानाच हिशेबाच्या नोंदीसाठी दुसरं मागायचं. गर्दी नसताना हे खपून जायचं. गर्दीत प्रत्येकाच्या हातात एकेक, आणि सगळे दुसऱ्याची वाट बघत ताटकळत उभे.

"म्हणजे चूक माझीच," मी म्हणाले.

"हो."

एवढंच. उगाच गोड बोलला नाही. मला तो तिथेच आवडला. दोन्ही कामं एकाच कनेक्शनवर केली आणि साइट सुरळीत झाली.

मग मला वरच्या मजल्यावर सारखी कामं निघू लागली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं कळलंही नाही. आई म्हणाली, "हा द्वारपाल जेवणात मीठ कमी खातो, हेही आता मला पाठ झालंय."

आणि एके दुपारी तो म्हणाला, "दुसऱ्या शहरातून नोकरी आलीय. आज उत्तर द्यायचंय."

मी विचारलं, "चांगली आहे?"

"आहे... तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? घे की!" मी हसूनही दाखवलं.

जागेवर येऊन बसले, पण समोरची एक ओळ डोक्यात शिरेना. तो माझ्या बोलण्याची वाट बघत होता, मी त्याच्या. आपण कसले मूर्ख आहोत! मी जिन्याने धावत वर गेले.

"जाऊ नकोस," मी धापा टाकत म्हणाले. "मला तू आवडतोस. फार."

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवला. "मी आत्ताच 'हो' कळवलं..."

मला रडूच फुटलं. त्याने शेजारची खुर्ची ओढली, मला बसवलं आणि टाइप करू लागला — 'क्षमस्व, मला येता येणार नाही.'

"कारण काय लिहू?"

"घरगुती अडचण," मी नाक पुसत म्हणाले.

त्याने लिहिलं — 'लग्न ठरतंय.'

"मला कुणी विचारलंय अजून?"

"विचारतोय की," तो म्हणाला. पाठवायच्या बटणावर त्याचं बोट थांबलेलं होतं. "पाठवू?"

"पाठव," मी म्हणाले.